आधीचा घास

"खालून धरा, वहिनी, बंद तुटतील," कुंपणापलीकडून आवाज आला, आणि कापडी पिशवी वहिनीच्या हातांत उतरली. चांगलीच जड होती.

"टोमॅटो आजच संपवा, पिकलेत. शेंगा दोन दिवस राहतील. आणि तळाशी बघा काय ठेवलंय."

वहिनीने शेंगांखाली हात घातला. वर्तमानपत्रात अर्धवट गुंडाळलेलं काहीतरी गार, गुळगुळीत बोटांना लागलं. तिने कागद जरासा सरकवला. फिकट हिरवा, अंगावर अजून बारीक लव असलेला कोवळा भोपळा होता.

"वेलाचा पहिला आहे," पलीकडची बाई अभिमानाने म्हणाली. "म्हटलं, पहिला ताईंना. हात मोडून बसल्यात बिचाऱ्या. आम्ही काय, पुढचा खाऊ."

ही शेजारीण नुकतीच राहायला आली होती. लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून इंजिनाच्या वरताण ओरडायची सवय, त्यामुळे घरातसुद्धा तिचा आवाज खाली यायचा नाही. "क्लच, क्लच दाबा" हे तिचं ओरडणं गल्लीत येण्याआधी गाडी यायची नाही, म्हणून सगळे तिला क्लचबाई म्हणत. तिलाही ते माहीत होतं आणि त्यात तिला गंमतच वाटायची. गल्लीतल्या जुन्या गोष्टी मात्र तिच्या कानावर अजून गेल्या नव्हत्या.

"बरं," वहिनी म्हणाली आणि आत आली. आभार मानायचे राहिले, हे तिच्या स्वयंपाकघरात पोचल्यावर लक्षात आलं.

तिने टोमॅटो काढले, शेंगा काढल्या. शेंगा धुतल्या, निथळत ठेवल्या, मग उगाच पुन्हा धुतल्या. पिशवी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला तशीच होती, तळाशी फुगलेली.

या घरात भोपळा आला नव्हता त्याला बरीच वर्षं झाली होती. काकडी नाही, दोडका नाही, त्या जातीचं काहीच नाही. मागच्या बागेत वन्सं हौसेने सगळं लावत: टोमॅटो, मुळा, लसूण, पालेभाज्या, शेंगांचे मांडव. पण मागच्या भिंतीलगत, जिथे पूर्वी पालापाचोळ्याचा ढीग असायचा, तो तुकडा उघडाबोडका होता. तिथे हिरवं काही वर यायला लागलं, की वन्सं पातेलंभर पाणी उकळायच्या आणि नेऊन ओतायच्या. वहिनी खिडकीतून ती वाफ बघत उभी राहायची. त्यावर दोघींचं कधी बोलणं झालं नव्हतं.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, टपाल कार्यालयात पत्रं निवडण्यात सगळी नोकरी झाली, आणि राहिल्या कायम भावाच्या घरात. भावाचं रस्त्याकडच्या खोलीत चष्म्यांचं दुकान होतं. सगळी गल्ली त्याला चष्मेवाले म्हणायची आणि त्याच्या बायकोला वहिनी.

तिथला तो भोपळ्याचा वेल कुणी लावलेला नव्हता. ढिगावर आपोआप आला. उपटू का, असं वहिनीने विचारलं होतं, तर वन्संच म्हणाल्या, "राहू दे, आपणहून आलाय." त्याला पाणी त्यांनी घातलं. त्याचा पहिला भोपळा वहिनीने तोडला आणि शिजवला. चष्मेवाल्यांनी तो खाल्ला.

तिच्या जिभेला पहिल्याच घासाला कळलं होतं. नुसतं कडू नव्हतं ते, जीभ आतल्या आत ओढून घेणारं होतं. दुसरा घास तिने खात्री करायला घेतला आणि ताटली बाजूला केली.

"कडू आहे. टाकून देऊ या," ती म्हणाली.

"कडू अंगाला चांगलं असतं," चष्मेवाले म्हणाले. जन्मात त्यांनी कुणाच्या रांधण्याला नाव ठेवलं नव्हतं. करपलेलं खायचे, अळणी खायचे, आणि वर छान झालंय म्हणायचे. त्या दुपारी त्यांनी आपली ताटली पुसून खाल्ली. मग हसत हसत तिची ताटली टेबलावरून आपल्याकडे ओढली.

संध्याकाळपर्यंत ते गडबडा लोळत होते. आठवडाही काढला नाही त्यांनी.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण सगळं विचारून घेत होती. "तुम्ही किती खाल्लं होतं?"

"दोन घास."

"दोनच?"

तिच्या विचारण्यात काही नव्हतं, तिला फक्त माहिती हवी होती. पण खाटेशी बसलेल्या वन्संनी तेवढ्यात मान वळवली आणि वहिनीकडे बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिल्या. ती नजर वहिनीने तेव्हापासून जपून ठेवली होती, काच रुतून बसते तशी. नवऱ्याला तेच वाढलं आणि स्वतः दोन घासांवर उठली: त्या नजरेत एवढंच लिहिलेलं तिला वाचता आलं.

घरी परतल्यावर वन्संनी चुलीचा ताबा घेतला तो घेतलाच. वहिनीने चहा करावा, भांडी घासावीत. चिरणं, शिजवणं सगळं वन्संकडे. जेवायच्याही त्या एकट्या आणि आधी. वहिनी लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर काम करायची, ती घरी येईपर्यंत वन्संचं जेवण आटोपलेलं असायचं आणि तिचं ताट झाकलेलं. ते ठीकच होतं. पण सुट्टीच्या दिवशीही तेच. ती समोर असली, भुकेली असली, तरी वन्सं आधी वाढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तू थांब जरा." मग वहिनी बाहेरच्या खोलीत जाऊन बसायची. बऱ्याच वेळाने आतून हाक यायची, "ये आता." तोवर सगळं गार झालेलं असायचं.

आपल्याबरोबर एका टेबलावर बसायचं नाही त्यांना, हे वहिनीने समजून घेतलं होतं. शिक्षा म्हणून बघितलं तर हलकीच होती. ती गार जेवण जेवायची आणि ताटली कधी टेबलावर सरकवायची नाही, उचलूनच ठेवायची. कारण ताटली ओढल्याचा तो आवाज तसाही तिची पाठ सोडत नव्हता. इस्त्री कपड्यावरून फिरवतानासुद्धा मधेच यायचा. मागे वळून बघितलं तर लाँड्रीतल्या मुली आपापलं काम करत असायच्या.

आणि आता वन्सं बागेच्या ओल्या पायरीवरून घसरल्या होत्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. गेले काही दिवस दोघी पाव, अंडी, दुकानातलं डबाबंद सूप यावर होत्या. आज सकाळी वन्सं बागेकडे बघत म्हणाल्या होत्या, "सगळं वाया चाललंय. तू कर काहीतरी." वहिनीने ऐकलं न ऐकलंसं केलं होतं.

दारात सावली आली. जुन्या चादरीच्या झोळीत हात अडकवून वन्सं उभ्या होत्या.

"काय काय दिलंय?"

"शेंगा. टोमॅटो."

"आणि पिशवीत?"

वन्सं टेबलाशी आल्या. डाव्या हाताने त्यांनी पिशवीची कड खाली केली, मग कागद. दोघी बघत राहिल्या. एखादा पाहुणा न बोलावता येऊन बसावा आणि का आलाय ते सांगू नये, तसा तो होता.

"देऊन टाकते कुणाला," वहिनी म्हणाली. "लाँड्रीतल्या मुलींपैकी कुणी नेईल."

"आणि तिने शिजवून पोरांना घातला म्हणजे?"

"मग फेकून देते."

"वेलाचा पहिला दिलाय तिने, ऐकलं मी. उद्या कुंपणावरून विचारेल, कसा झाला म्हणून. काय सांगशील?" वन्सं खुर्ची ओढून बसल्या. "त्यांच्या घरीही उद्यापासून हेच शिजणार. चीर."

"मला नाही जमायचं, वन्सं."

"माझा हात धड असता तर तुला सांगितलं नसतं."

ते खरं होतं. वहिनीने सुरी घेतली. भोपळा इतका कोवळा होता, की पातं आपोआप आत गेलं. कापलेल्या जागी पाण्याचे बारीक थेंब फुटले. आत पांढराशुभ्र गर, बिया अजून धरलेल्या नाहीत. कच्चा, हिरवा वास नाकात शिरला आणि तिचा हात थांबला. तोही असाच होता. याच टेबलावर, याच खिडकीकडे तोंड करून चिरलेला. तोही दिसायला इतकाच साधा होता.

"देठाकडची चकती दे मला," वन्सं म्हणाल्या.

"कच्ची?"

"कच्चीच."

वहिनीने सुरी खाली ठेवली. जरा जोरात ठेवली गेली. एवढ्या वर्षांत जे ओठांपर्यंत येऊन परत जात होतं, ते आज सुरीच्या आवाजाबरोबर बाहेर आलं.

"देते. पण एक सांगा. तुम्हाला अजून तसंच वाटतं का?"

"कसं?"

"की मी... मुद्दाम."

वन्संनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पत्रावरचा पत्ता वाचता येत नसला की नोकरीत असताना त्या जशा बघत असतील, तसं बघत होत्या.

"काय मुद्दाम?"

खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटली.

"चकती दे," वन्सं म्हणाल्या, पण आवाज उतरला होता.

त्यांनी चकती तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत राहिल्या, सावकाश, पुढच्या दातांनी, मग दाढांनी, मग जिभेच्या मागच्या बाजूला नेऊन. गिळलं. थांबल्या. डावा हात पुढे केला. "आता दुसऱ्या टोकाची."

तीही तशीच खाल्ली. वहिनीने नकळत एक चकती उचलली.

"तू नको."

इतकं पटकन आणि इतक्या धसक्याने आलं ते, की वहिनीच्या हातातून चकती गळून पडली. वन्सं खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. मग बसल्या. "तू नको," पुन्हा म्हणाल्या, साध्या आवाजात. "चांगला आहे. कर आता."

वहिनीने तेल तापवलं. लसूण ठेचून टाकला, वर भोपळ्याच्या फोडी, मीठ, शेवटी टोमॅटो. हात सगळं विसरला असेल असं तिला वाटलं होतं, पण हात कुठे विसरतात. झाकणाखाली फोडींना पाणी सुटलं आणि पातेलं हलकं बुडबुडायला लागलं. वास खोलीभर झाला, तेव्हा तिच्या पाठीमागे, भिंतीकडच्या खुर्चीत, कुणीतरी येऊन बसल्यासारखं तिला वाटलं. जेवायची वेळ झाली की बसायचे तसं, हात पुसत, आज काय, असं न विचारता. तिने मागे बघितलं नाही. पण वन्संची नजर एकदा त्या खुर्चीकडे जाऊन आली, ते तिला दिसलं.

तिने वाटीत भाजी वाढली, पावाचे तुकडे केले, वन्संपुढे ठेवले आणि सवयीने बाहेरच्या खोलीकडे निघाली. मागे चमचा खाली पडला. डाव्या हाताने वन्संना काही जमत नव्हतं. ती परत फिरली, चमचा धुऊन दिला, वाटी धरून उभी राहिली. वन्संनी सगळी भाजी संपवली. तळाचा रस पावाने पुसला.

"झाकून ठेव," त्या म्हणाल्या. "तू थांब जरा."

वहिनीने झाकण ठेवलं. बाहेर जायचं होतं, पण ओटा तेलकट झाला होता, म्हणून ती फडकं घेऊन तिथेच पुसत राहिली. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, ती बाहेर असताना आत काय होतं, ते तिने बघितलं.

वन्सं काहीच करत नव्हत्या. पेपर समोर होता, तो उघडलेला नव्हता. त्या ताठ बसल्या होत्या, डावा तळवा पोटावर ठेवून, डोळे भिंतीवरच्या घड्याळाला लावून. आतल्या आत कुठलातरी आवाज यायची वाट बघत असल्यासारख्या. वरच्या ओठावर घामाचे बारीक मणी होते. इस्पितळाच्या व्हरांड्यात माणसं बसतात, तशा बसल्या होत्या.

वहिनीचं फडकं थांबलं.

तिला एक दुपार आठवली. वन्सं जेवल्या होत्या, ती बाहेर वाट बघत होती, आणि हाक आली नाही. शेवटी ती आत गेली तर वन्सं पातेलंभर पालेभाजी मागच्या अंगणात नेऊन पुरत होत्या. तिला पाव आणि अंडं दिलं. "बिघडली होती," एवढंच म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. आपल्याला खाऊ घालण्यापेक्षा त्यांनी ती मातीत घातली, असं त्या दिवशी वहिनीला वाटलं होतं. ती रडलीसुद्धा होती.

"रोज?" तिने विचारलं.

"काय रोज?" वन्संनी घड्याळावरची नजर काढली नाही.

"असं बसता."

"बसायला काय लागतं."

वहिनी टेबलाशी आली. वन्सं बोलल्या त्या तिच्याशी बोलल्यासारख्या नव्हत्या.

"त्या दिवशी मी ऑफिसातल्यांबरोबर बाहेर जेवले. घरी असते तर आधी जेवले असते. मला लवकर भूक लागायची." डाव्या हाताने त्यांनी पेपरची घडी सारखी केली. "तू दोन घास खाल्लेस म्हणालीस. डॉक्टरीणबाई काही बोलेना. दोन घास पुरतात का नाही, कुणाला विचारणार? मी सारखी तुझ्याकडे बघत होते. म्हटलं, हिचाही रंग उतरतोय का."

वहिनी उभी होती. मग ती पातेल्याकडे गेली, झाकण काढलं आणि वाटीत भाजी घेतली.

"अगं, अजून वेळ आहे," वन्सं म्हणाल्या. प्लास्टरचा हात झोळीतल्या झोळीत हलला.

वहिनीने उभ्यानेच पहिला घास घेतला. गर मऊ होता, टोमॅटोने आंबूस झालेला, लसणाचा तुकडा दाताखाली आला. गरम होता. गरम जेवण कसं लागतं, हेच ती विसरून गेली होती. ती वन्संसमोर बसली आणि सावकाश, सगळी वाटी खाल्ली. वन्संनी तिला अडवलं नाही. तिच्या घशाकडे बघत राहिल्या, प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत.

वाटी रिकामी झाली. दोघी बसून राहिल्या. घड्याळ चालत होतं. भिंतीकडच्या खुर्चीवर ऊन सरकत आलं होतं आणि तिथे कुणी नव्हतं.

मागच्या दाराची कडी वाजली आणि पाठोपाठ तो आवाज. "ताई, आहात का? वास थेट आमच्या खाटेपर्यंत आलाय. झोपू देताय का माणसाला?" क्लचबाई आत आली, चपला पायातच, विस्कटलेले केस एका हाताने बांधत. टेबलावरच्या दोन रिकाम्या वाट्या तिने बघितल्या. "झालं वाटतं जेवण. कसा निघाला?"

"गोड निघाला," वन्सं म्हणाल्या.

"मग मलाही द्या की वाटीभर. माझ्याच वेलाचा, आणि मीच अजून चाखला नाही." तिने हात लांब करून पातेल्याचं झाकण धरलं.

वहिनी तिच्या आधी पोचली. तिने तळवा झाकणावर ठेवला आणि दाबून धरला.

"आत्ता नको," ती म्हणाली. "मुरतेय अजून."

"भोपळा कसला मुरायचाय?"

"आमच्याकडे मुरवतात," वन्सं म्हणाल्या आणि डाव्या हाताने एक खुर्ची पुढे केली. "बसा. आज कुणाकुणाला धडकवलंत ते सांगा."

क्लचबाई मनापासून हसली आणि बसली. एक जाडा माणूस होता, तो ब्रेकऐवजी हॉर्न दाबायचा, तिथून तिने सुरुवात केली. दोघी ऐकत होत्या, हुंकार देत होत्या. मधूनच एक जण घड्याळाकडे बघायची, आणि तिने नजर खाली आणली, की दुसरी.